गळ्याला गाठ नसली तरी : मंद थायरॉइड ओळखायचा कसा?

आम्ही सफाळ्याहून बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या बायका. आजचा विषय आहे थायरॉइड, आणि त्यातही मंद पडलेला थायरॉइड.

गटाच्या बैठकीत हा शब्द निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "आपण समुद्राकाठची माणसं, मासळी खाणारी. आपल्याला कुठला थायरॉइड?" आणि दुसरं, "माझ्या गळ्याला गाठ नाही, म्हणजे मला तो नाही." दोन्ही बोलण्यांत थोडं खरं आहे आणि थोडा घोटाळा आहे. तो घोटाळा सोडवायचा तर या आजाराचा इतिहास पाहावा लागतो. म्हणून आज आधी जुनी गोष्ट सांगतो, मग लक्षणं. गोष्ट लक्षात राहिली की लक्षणंही लक्षात राहतात.

आधी ग्रंथीची ओळख करून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. ती रक्तात एक रस सोडते. चुलीवर भात ठेवला आणि जाळ कमी झाला तर काय होतं? भात शिजतो, पण रखडत शिजतो. तसंच हा रस कमी पडला की शरीराचं प्रत्येक काम रखडतं. हृदय सावकाश चालतं, पोट सावकाश साफ होतं, अंगात ऊब राहत नाही, डोकं चालायला वेळ लागतो. हा रस बनवायला आयोडीन लागतं. ते शरीरात तयार होत नाही, खाण्यातूनच यावं लागतं.

जुन्या काळी लोकांना या आजाराचं एकच रूप माहीत होतं, गळ्याची गाठ. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'गलगंड' या नावाने तिचं वर्णन आहे. हिमालयाच्या पायथ्याला तर गावंच्या गावं अशी होती की गळा सुजलेला नसेल तर लोकांना नवल वाटायचं. डोंगरातलं आयोडीन पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने वाहून जातं, मग तिथल्या मातीत आणि धान्यात ते उरत नाही. आयोडीन मिळेना की बिचारी ग्रंथी जास्त काम करायच्या धडपडीत मोठी होत जाते. तीच ही गाठ. १८११ मध्ये फ्रान्समधल्या बर्नार्ड कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं आणि १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉ. क्वांदे यांनी ते गलगंडावर औषध म्हणून दिलं. म्हणजे गाठीचा आणि आयोडीनचा संबंध दोनशे वर्षांपूर्वीच डॉक्टरांच्या ध्यानात यायला लागला होता.

पण गळ्याला गाठ नसतानाही थायरॉइड मंद असू शकतो, हे कळायला अजून पन्नास वर्षं लागली. आणि ते कळलं बायकांमुळे.

१८७३ साली लंडनमध्ये डॉ. विल्यम गल यांनी आपल्या पाच रुग्णांची हकीकत डॉक्टरांच्या सभेत मांडली. पाचही बायका होत्या. त्यातली एक पाळी गेल्यानंतर हळूहळू सुस्त होत गेली. अंग भरत गेलं, चेहरा गोल आणि सुजल्यासारखा झाला. जीभ जाड झाली, आवाज घोगरा झाला, बोलताना जीभ तोंडात मावत नसल्यासारखं वाटायचं. हे सगळं एका रात्रीत झालं नव्हतं. इतकं सावकाश झालं होतं की कधी सुरू झालं तेही सांगता येत नव्हतं. गल यांना कारण माहीत नव्हतं. त्यांनी फक्त नीट पाहिलं, नीट ऐकलं आणि पाच बायकांची लक्षणं शेजारी शेजारी ठेवली. तेव्हा दिसलं की या पाच तक्रारी वेगवेगळ्या नाहीत, आजार एकच आहे.

पुढे डॉ. विल्यम ऑर्ड यांनी त्याला 'मिक्सिडीमा' असं नाव दिलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये थिओडोर कोखर हे शल्यविशारद गलगंडाच्या गाठी कापून काढत होते. १८८३ मध्ये त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं. ज्यांची सगळी ग्रंथी काढून टाकली होती त्यांच्यातले बहुतेक जण थकलेले, सुजलेले, थंडीने गारठलेले आणि मंद झालेले होते. हुबेहूब लंडनच्या त्या बायकांसारखे. कोखर यांनी ही गोष्ट लपवली नाही, छापून जाहीर केली. त्यांना पुढे १९०९ मध्ये थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल पुरस्कार मिळाला. लंडनच्या डॉक्टरांनी एक समिती नेमली, शंभराहून जास्त रुग्णांची माहिती जमवली आणि १८८८ मध्ये अहवाल दिला. त्या रुग्णांतही बहुतेक बायकाच होत्या. निष्कर्ष असा निघाला की हा आजार ग्रंथी काम करेनाशी झाल्याने होतो.

मग उपाय सापडायला फार वेळ लागला नाही. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरकडे ४६ वर्षांची एक बाई आली. चार-पाच वर्षांपासून ती अशीच मंदावत चालली होती. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढला आणि तिला त्याची इंजेक्शनं दिली. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणं मोकळं झालं, थंडी वाजायची थांबली, केस पुन्हा यायला लागले. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली, तोवर औषध चालूच होतं. तेव्हाच्या डॉक्टरांसाठी हे केवढं मोठं असेल विचार करा. ज्या आजारात बाई वर्षानुवर्षं विझत जायची, त्यात ती उठून कामाला लागली होती. १९१४ मध्ये अमेरिकेत केंडॉल यांनी ग्रंथीतला तो रस शुद्ध रूपात वेगळा केला आणि १९२७ मध्ये लंडनमध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला. आज सकाळी घेतो ती बारीक गोळी म्हणजे तोच रस.

पण चांगली भली ग्रंथी बंद का पडते, हा प्रश्न उरला होता. १९१२ मध्ये जपानमधल्या हाकारू हाशिमोतो यांनी चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एक वेगळाच बिघाड लिहून ठेवला. १९५६ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. त्यांच्यात डेबोरा डोनियाक या डॉक्टर बाई होत्या. रोगजंतूंशी लढणारी आपल्या शरीराची फौज कधी कधी चुकून स्वतःच्याच थायरॉइडवर चाल करून जाते, असं त्यांना दिसलं. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो. घराण्यात असेल तर मुलीला, बहिणीला होण्याची शक्यता वाढते. मिठात पुरेसं आयोडीन असलं तरी तो होतो.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. आयोडीन कमी पडून होतो तो एक आजार, आणि शरीराच्या फौजेने ग्रंथी खराब केल्याने होतो तो दुसरा. पहिल्यावर मीठ हा उपाय आहे. दुसऱ्यावर मिठाचा उपयोग नाही, तिथे गोळीच लागते.

आता आपल्या देशात येऊ. १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, मधल्या भागात साधं. शाळेतल्या मुलामुलींचे गळे तपासले. सुरुवातीला तिन्ही भागांत शंभरातल्या जवळजवळ चाळीस मुलांना गलगंड होता. पाच-सहा वर्षांनी आयोडीनयुक्त मिठाच्या भागांत प्रमाण निम्म्यावर आलं, साध्या मिठाच्या भागात मात्र होतं तिथेच राहिलं. मग मधल्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू झालं. १९६२ मध्ये भारत सरकारचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम निघाला. पुढच्या पाहण्यांत कळलं की हा प्रश्न फक्त हिमालयाचा नाही, आपल्या महाराष्ट्रातही आयोडीनची कमतरता आहे. म्हणून सगळ्या देशाचं खायचं मीठ आयोडीनयुक्त करायचं १९८४ मध्ये ठरलं. १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नावही बदललं, कारण आयोडीन कमी पडलं तर गळा सुजतोच, शिवाय पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढही खुंटते, हे स्पष्ट झालं होतं. साध्या मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

आपल्या पालघर-वसईच्या खाडीकाठी मिठागरं आहेत, त्यामुळे मीठ आपल्याला परकं नाही. पुष्कळ घरांत अजून मिठागरावरचं खडं मीठ भरून ठेवतात. समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पाणी आटवून केलेल्या मिठात आयोडीन जवळजवळ उरतच नाही, ते नंतर घालावं लागतं. समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं हे खरं. पण रोज ताजी मासळी परवडणारी घरं किती? आणि पाड्यावरच्या, माळकरी किंवा मासे न खाणाऱ्या घरांचं काय? मासळी खारवायला खडं मीठ खुशाल वापरा. भाजी, आमटी, कालवणात मात्र हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेलं आयोडीनयुक्त मीठच घाला. ते झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, चुलीजवळ उघडं ठेवू नका.

मासे खाऊन, चांगलं मीठ खाऊनही थायरॉइड मंद होऊ शकतो का? होऊ शकतो. २०१३ मध्ये आपल्या देशातल्या आठ मोठ्या शहरांच्या पाहणीचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यात मुंबई आणि गोवाही होते. पाच हजारांहून जास्त माणसांचं रक्त तपासलं. शंभरात जवळजवळ अकरा जणांचा थायरॉइड मंद निघाला. किनाऱ्यावरच्या शहरांत प्रमाण थोडं कमी होतं, तरी शंभरात नवाच्या वर होतंच. बायकांत पुरुषांपेक्षा तिपटीने जास्त होतं. आणि ज्यांना हा आजार होता, त्यांच्यातल्या साधारण दर तिघांमागे एकाला तो आपल्याला आहे हेच माहीत नव्हतं.

माहीत का नव्हतं? कारण आता गळ्याची गाठ फारशी दिसत नाही, आणि बाकीची लक्षणं आपल्याला आजाराची वाटतच नाहीत. पहाटेची गाडी पकडून भाजीची टोपली विरार-बोरिवलीला नेणारी, आवणीत दिवसभर वाकणारी, बोईसरच्या कारखान्यात उभ्याने पाळी करणारी बाई थकली तर त्यात नवल काय, असं सगळेच म्हणतात. तीही तेच म्हणते. वजन वाढलं तर "बसून खाते", विसरायला लागली तर "लक्ष कुठे असतं हिचं", उशिरा उठली तर "आळशी झाली". सासरी एकदा हे शब्द चिकटले की सुटत नाहीत.

म्हणून आता लक्षणं ध्यानात ठेवा. एखादंच असेल तर घाबरू नका. चार-पाच एकत्र असतील, आणि काही आठवडे, महिने टिकून असतील, तर तपासणी करा.

झोप पूर्ण होऊनही अंग उठत नाही. दुसऱ्यांना उकडतं तेव्हा आपल्याला थंडी वाजते, भर मेमध्येही पंखा नको वाटतो. खाणं वाढलं नाही तरी वजन वाढतं. शौचाला साफ होत नाही. कातडी कोरडी, खरखरीत होते. विंचरताना केसांचा गुंता हातात येतो, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात. सकाळी डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर सूज दिसते. आवाज जड, घोगरा होतो. हातापायांचे स्नायू दुखतात, बोटांना मुंग्या येतात, बांगडी किंवा अंगठी घट्ट होते. गोष्टी आठवत नाहीत, हिशोब करताना गोंधळ होतो. मन उदास राहतं, कशातच जीव लागत नाही. पाळीत अंगावर जास्त जातं किंवा पाळी पुढेमागे होते. दिवस राहत नाहीत, किंवा राहून पडतात. आणि गळ्याला सूज असेल तर तीही दाखवा.

यातली काही लक्षणं रक्त कमी असल्यावरही दिसतात. थकवा, केस गळणं, विसरणं दोन्हीकडे आहे. पाळीत जास्त गेल्याने रक्त कमी होतं आणि त्या जास्त जाण्यामागे थायरॉइड असू शकतो, म्हणजे एकाच बाईला दोन्ही असू शकतात. लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने नीट घेऊनही थकवा हटत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "माझा थायरॉइड तपासायचा का?"

कोणाला अंग बर्फासारखं गार, सतत गुंगी, बोलण्यात भ्रम, श्वास मंद असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. वजन घटणं, छातीत धडधड, हात थरथरणं, सारखा घाम, हे याच्या उलट आहे. तेव्हा थायरॉइड जास्त काम करत असतो. तीही तपासणीचीच गोष्ट.

तपासणी रक्ताची असते, तिचं नाव टीएसएच. रक्तातले असे अगदी सूक्ष्म अंश मोजायची पद्धत अमेरिकेत रोझलिन यालो या बाईंनी आपल्या सहकाऱ्यासोबत शोधली आणि त्यासाठी त्यांना १९७७ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. रिपोर्ट हातात आला की पुष्कळजणी गोंधळतात. टीएसएच वाढलेला आहे म्हणजे थायरॉइड जास्त झाला, असं वाटतं. आहे उलटं. टीएसएच हा मेंदूखालच्या ग्रंथीचा थायरॉइडला निरोप असतो, "काम कर" म्हणून. मजूर हळू काम करायला लागला की मुकादम ओरडतो ना, तसं. मुकादमाचा आवाज वाढला म्हणजे मजूर मंदावला आहे. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड मंद आहे. पण गोळी किती आणि घ्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीची गोळी घेऊ नका.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा किंवा नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे पुष्कळजणी लोहाची गोळी घेतात आणि दोन्ही एकदम घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. मरे यांच्या त्या रुग्ण बाईने २८ वर्षं औषध घेतलं, म्हणून ती २८ वर्षं जगली.

गरोदर बायकांसाठी वेगळं सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा थायरॉइड अजून कामाला लागलेला नसतो, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या रसावर चालते. म्हणून आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा, गोळी थांबवू नका. बहुधा मात्रा वाढवावी लागते. बाळंतपणानंतरच्या वर्षातही थायरॉइड बिघडू शकतो. बाळंतीण सतत खचलेली, रडवेली असेल तर हे कारण मनात असू द्या.

काही बाळं जन्मतःच मंद थायरॉइड घेऊन येतात. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई यांनी १९८० च्या दशकात नवजात बाळांचं रक्त तपासलं, तेव्हा साधारण २६४० बाळांमागे एक असं बाळ आढळलं. जन्मताना बहुतेक बाळं ठीकच दिसतात. नंतर ती फार झोपतात, दूध नीट ओढत नाहीत, कावीळ लांबते, रडणं घोगरं येतं, जीभ मोठी दिसते. "किती शांत बाळ आहे" म्हणून आपण कौतुक करतो. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर असं मूल बाकीच्या मुलांसारखं शिकतं, खेळतं. उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून बाळंतपण झालं की घरी जाण्याआधी बाळाच्या थायरॉइडच्या तपासणीबद्दल दवाखान्यात विचारा.

आता गट काय करू शकतो ते सांगतो. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचंही सूत्र आहे. महिन्यातल्या एका बैठकीत पाच मिनिटं ही लक्षणं मोठ्याने वाचा. एखादी सखी बैठकीला येईनाशी झाली, हप्ता विसरायला लागली, तर गैरहजेरीचा दंड लिहिण्याआधी कोणीतरी तिच्या घरी जाऊन बसा आणि विचारा, थंडी वाजते का, पोट साफ होतं का, पाळी कशी आहे. चार-पाच लक्षणं जुळली तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात तिच्यासोबत जा. तपासणी बाहेर करावी लागली तर गटाचं अंतर्गत कर्ज त्यासाठी आहेच. आणि सोबत गेलात तर घरच्यांसमोर डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य नक्की वदवून घ्या, की हा आळस नाही, आजार आहे, आणि गोळीने काबूत राहतो.

दीडशे वर्षांपूर्वी पाच बायकांच्या तक्रारी कोणीतरी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून हा आजार सापडला. आपल्या गटात दहा-बारा जणी दर आठवड्याला शेजारी शेजारी बसतात. या आठवड्याच्या बैठकीत एकमेकींना एवढं विचारा. पुढच्या भागात आपण पाळीतल्या जास्त रक्तस्रावाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.